सुतळीवरचं माप

काल दुपारी केबल फुटली.
आवाज फार नाही, ओला फडका आपटावा तेवढाच.
कुलरच्या कोऱ्या पत्र्यावर गरम पाणी उडालं
आणि सुभान तडवी गन सोडून
हात झटकत दोन पावलं मागे सरला.

सुरीने रबर उभं चिरलं. आत,
टोकापासून वीतभर अंतरावर
तांब्याच्या तारा तुटून विंचरलेल्या केसांसारख्या गोळा झालेल्या,
आणि चिंच न लावलेल्या घंगाळ्यावर चढते
तशी हिरवट भुकटी.

पुण्याचा माणूस फोनवर विचारतो, प्रवाह किती?
अकरा हजार अँपिअर.
मिनिटाला ठिपके?
चौदा. चैत्रात वीस.
मग चौदा धरू, तो म्हणतो.
वीस धरा, मी म्हणते.
चैत्रात अख्खं जळगाव कुलर मागतं,
केबल काही वर्षाच्या सरासरीवर तापत नाही.

पाणी कसलं?
आता याला फोनवर कसा दाखवू
माझ्या चहाच्या पातेल्याचा तळ,
पांढरा, खडबडीत, नखाला दाद न देणारा?
बोअरचं आहे, म्हटलं.
आणि दुपारी टाकीतच कोमट असतं,
गोणपाट भिजवून टाकतो आम्ही वरून तरीही.
म्हणून नळी एक माप मोठी द्या,
मिनिटाला आठ लिटर वाहायलाच हवं.
परतीचं पाणी मी उघड्या नरसाळ्यात सोडणार आहे,
सुभानला उभ्या जागेवरून दिसेल असं.
गेज अडकतं कधी कधी. धार बारीक झालेली
कुणालाही कळते.

केबलीत दोन जाती.
एकीत जाणारी वेगळी, येणारी वेगळी;
प्रवाह सुटला की दोघी एकमेकींना लाथाडतात
आणि लाथ बसते गन धरणाऱ्याच्या खांद्याला.
चौदा गुणिले साठ गुणिले आठ:
सहा हजार सातशे वीस. मी दोनदा करून पाहिलं.
दुसरीत दोघी एकाच नळीत,
एकीची फाक, दुसरीची फाक, मध्ये रबराचा पडदा,
पाणी सामाईक.
ढकलाढकली तिथेही होतेच, पण आतल्या आत मिटते.
किंमत अडीच पट.

मालकांनी आकडा पाहिला, चष्मा काढला.
"खांदा दणकट आहे हो त्याचा."
मी काही बोलले नाही, कागद उलटवला.
मागे लिहिलं होतं:
फेब्रुवारी, सुभानच्या रजा चार. मार्च, सहा.
ठिपका सरकून बाद झालेले पत्रे, एकसष्ट.
बोट रजांवरून सरकत गेलं
आणि एकसष्टवर थांबलं.
सही केली.

राहिली लांबी.
तीन मीटरची तयार आहे, आज पाठवतो, पुणेकर म्हणाला.
नको. जास्तीचं प्रत्येक हातभर तांबं
वाटेतच प्रवाह पिऊन टाकतं.
आखूड घेतली तर मानेशी ताण येतो,
आणि पुन्हा तीच वीत, तीच हिरवी भुकटी.

मग सुभानला उभं केलं, हातात बंद गन.
कुलरचा वरचा कोपरा. खालच्या ट्रेची कड. मागची जाळी.
ट्रान्सफॉर्मरपासून सुतळी सोडली,
सैल, पण फरशीला न टेकणारी,
आणि त्याच्या मनगटापाशी गाठ मारली.
टेप लावली: दोन मीटर चाळीस.
तो गाठीकडे बघत हसला.
"ताई, इतलाच शे का मना हात?"

बारा दिवस लागतील.
सुतळी अजून तिथेच लोंबते आहे,
पंखा फिरून तिच्याकडे आला की थोडी हलते.
जेवायच्या सुट्टीत सुभान तिच्याखालीच बसतो,
घास उचलताना
उजव्या कोपराखाली डावा तळवा धरून.